‘फुकट परदेशवारी’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

परदेशी विद्यापीठांची सत्रे सुरू व्हायची वेळ आली की एक संदेश दरवर्षी मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: सरकार मागासवर्गीय मुलांना एमए, एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) असल्या पदव्यांसाठी फुकट परदेशवारी घडवते, त्यात गुणवत्ता पाहिली जात नाही, परदेशातल्या एलएलएमला इथे कोणी विचारत नाही आणि गेलेली मुले परत येत नाहीत. मी वकिली करतो आणि संध्याकाळी अशा अर्जदारांचे कागद तपासून देतो, म्हणून हे उत्तर.

आधी ‘फुकट’ या शब्दाचे पाहू. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून चालू आहे आणि तिच्या जागा साऱ्या देशात मिळून वर्षाला 125 आहेत. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज योजनेच्या 75. केंद्राची योजना शिक्षणशुल्क आणि विमानभाडे देते, हे खरे. पण 2024-25 च्या नियमांपर्यंत ब्रिटनसाठी तिचा निर्वाहभत्ता वर्षाला 9,900 पौंड, म्हणजे महिन्याला 825 पौंड होता. आणि लंडनमध्ये राहायला महिन्याला 1,483 पौंड लागतात असे ब्रिटिश सरकारनेच 2025 च्या सुरुवातीला व्हिसाच्या नियमांत धरले होते. शिवाय आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार, अर्जशुल्क आणि काही विद्यापीठांची अनामत हा खर्च निवड होण्याआधीच करावा लागतो. निवड झाली नाही तर तो बुडीत खात्यात जातो. खासगी निधींतले काही तर मुळात कर्जच देतात. जे. एन. टाटा एन्डाउमेंट 1892 पासून शिष्यवृत्ती देते ती परतफेडीच्या बोलीवर.

गुणवत्तेचा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो घेणाऱ्याने निवडीचा क्रमच उलटा धरला आहे. केंद्राच्या योजनेत अर्ज करायला पदवीला किमान 60 टक्के गुण लागतात आणि क्यूएस या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीतल्या पहिल्या 500 विद्यापीठांपैकी एकाचे विनाअट प्रवेशपत्र आधी हातात असावे लागते. हा प्रवेश देणारे विद्यापीठ उमेदवाराची जात विचारत नाही. ते गुण, उद्देशपत्र आणि शिफारसपत्रे पाहते. पुढे जागांपेक्षा अर्ज जास्त आले की विद्यापीठाच्या क्रमवारीनुसार निवड होते. म्हणजे गाळणी दोनदा लागते.

त्यातही शिफारसपत्राचे प्रकरण जवळून पाहावे. तालुक्याच्या एका विधी महाविद्यालयातून आलेल्या मुलीला प्राध्यापकांनी दिलेले पत्र माझ्यापुढे होते: “सदर विद्यार्थिनी माझ्या परिचयाची असून तिची वर्तणूक चांगली आहे.” खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. बाहेरच्या प्रवेश समितीला हवे असते ते वेगळेच: तिने संविधानाच्या तासाला कोणता प्रश्न उपस्थित केला, तिचा युक्तिवाद कुठे कमी पडला आणि तो तिने कसा सावरला. ते लिहून घ्यायला तिला तीन खेपा घालाव्या लागल्या. शहरातल्या नामांकित महाविद्यालयांत हे पत्र कसे लिहायचे ते शिकवावे लागत नाही. झुकते माप कोणाच्या बाजूला आहे, ते इथे दिसते.

‘असल्या पदव्यांसाठी’ या तिरकस शब्दांबद्दल एवढेच सांगतो की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचे विषय केंद्राच्या योजनेतून 2022 मध्येच वगळले गेले. मला तो निर्णय चुकीचा वाटतो; पण संदेश लिहिणाऱ्याला त्याची खबरच नसावी.

एलएलएमबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, एलएलबी आणि बार कौन्सिलची परीक्षा लागते, एलएलएम लागत नाही. आणि परदेशातल्या एक वर्षाच्या एलएलएमच्या समकक्षतेवर, म्हणजे ती इथल्या एलएलएमच्या बरोबरीची मानावी का यावर, बार कौन्सिलच्या 2020 च्या नियमांनी प्रश्नचिन्ह लावले आहे. ज्याला इथे प्राध्यापक व्हायचे आहे त्याने याचा विचार जरूर करावा. परंतु आंतरराष्ट्रीय लवाद, सागरी कायदा किंवा व्यापार करार यांचे काम करणाऱ्याला तो अभ्यास उपयोगी पडतो, सनदेशी त्याचा संबंध नसला तरी.

राहिला परत येण्याचा मुद्दा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत दोन वर्षे मायदेशी परतण्याची अटच असते आणि अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीच्या व्हिसालाही दोन वर्षे स्वदेशी राहण्याचे बंधन जोडलेले असते. जुना दाखला हवा असेल तर 1913 चा आहे: डॉ. आंबेडकरांना बडोदा संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षांसाठी दिले आणि बदल्यात दहा वर्षांच्या नोकरीचा करार लिहून घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते करार पाळायला बडोद्याला आले. तिथे त्यांना कोणी राहायला जागा दिली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. 1920 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयातल्या नोकरीतून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेला अभ्यास पुरा करून बॅरिस्टर होऊन पुन्हा परतले.