एसीच्या लाइनमध्ये ऑक्सिजन मारायचा नसतो

"मामा, नायट्रोजन संपला तर वेल्डिंगचा ऑक्सिजन मारला तरी चालतंय म्हणं, खरंय का?" लातूरला एका ठेकेदाराकडे हेल्परचं काम करणाऱ्या माझ्या भाच्याने हे विचारलं आणि खाली तो मेसेज चिकटवला. उन्हाळा लागल्यापासून ग्रुपाग्रुपांवर तो फिरतोय: मल्टी एसी आणि व्हीआरएफ (एका आउटडोरवर, म्हणजे बाहेरच्या युनिटवर, अनेक खोल्या चालवणारी सिस्टिम) बसवताना होणारी लूट ओळखा. म्हणणं असं की नायट्रोजन टेस्टिंग, म्हणजे पाइपात दाबाने नायट्रोजन भरून लीकेज तपासणं, हा बिल फुगवायचा धंदा, ऑक्सिजनने किंवा हवेच्या कॉम्प्रेसरने तेच काम होतं. 24 तास प्रेशर धरून ठेवणं नाटक. व्हॅक्यूम पंपाऐवजी थोडा गॅस सोडून हवा काढा. ब्रेझिंग (तांब्याचे पाइप तापवून सांधणं) करताना नायट्रोजन सोडायची गरज नाही. गॅस बिनविषारी, गळाला तरी माणसाला काही होत नाही. आणि दरवर्षी गॅस भरायला लावणारा मेकॅनिक चोर.

ऑक्सिजनपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी बहुतेक वेळा मशीन जातं, या चुकीने माणूस जातो. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही हे खरं. पण दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल भेटलं की ठिणगीचीही गरज उरत नाही. आणि एसीच्या लाइनमध्ये तेल असतंच. कॉम्प्रेसरचं असतं, फ्लेअरला, म्हणजे नटाने आवळलेल्या पाइपच्या जोडाला, लावलेलं असतं, जुन्या पाइपच्या आत त्याचा थर बसलेला असतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब 150 बारच्या आसपास. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पाइपातला वायू एकदम दबतो, तापतो आणि तेल पेट घेतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, दाबाच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. इथे तेच होतं, फक्त हवेच्या जागी ऑक्सिजन असतो आणि शेजारी गेज धरून एक पोरगं बसलेलं असतं.

पटत नसेल तर गावातल्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात जा आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरची तबकडी जवळून बघा. तेल वापरू नका, असं तिथे इंग्रजीत छापलेलं असतं. जाणता वेल्डर त्या नटाला ग्रीसचा हात लागू देत नाही. तोच ऑक्सिजन तेलाने माखलेल्या लाइनमध्ये सोडा म्हणणारा माणूस 'ग्राहक जागृती' करतोय!

रेफ्रिजरेशनच्या सुरक्षेसाठी अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे संस्थेचं 15 क्रमांकाचं मानक आहे, जगभर त्याचा आधार घेतला जातो. दाबाच्या चाचणीला ऑक्सिजन, हवा, ज्वलनशील वायू किंवा त्यांचं मिश्रण वापरायचं नाही, नायट्रोजनसारखा कोरडा, निष्क्रिय वायूच वापरायचा, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे हवेचा कॉम्प्रेसरही बाद. हवेत ऑक्सिजन आहेच, वर ओलावाही आत जातो. नायट्रोजनचं सिलिंडर राखाडी आणि मानेला काळं, ऑक्सिजनचं काळं. पण रंग उडालेली सिलिंडरं आपल्याकडे सर्रास फिरतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय नळी जोडायची नाही. आणि रेग्युलेटरशिवाय तर नायट्रोजनसुद्धा नाही.

आता 24 तासांचं 'नाटक'. मेसेज म्हणतो, सुई रात्रीतून उतरतेच, मग लीकेज सांगून पैसे काढतात. सुई उतरते, हे मान्य करावं लागेल. दुपारी 40 अंशांना 600 पीएसआय (दाबाचं एकक) लावलेला नायट्रोजन पहाटे 25 अंशांना 570 च्या जवळ दिसतो. हे लीकेज नाही, थंड झालेला वायू आहे. म्हणूनच प्रेशर लावतानाचं आणि बघतानाचं तापमान लिहून ठेवायचं असतं. तेवढ्या फरकाचा हिशेब सोडून सुई उतरली, तरच लीकेज. आणि दाब इतका का? 50 अंशांना एसीतल्या जुन्या आर-22 गॅसचा दाब 270 पीएसआयच्या आसपास असायचा, आर-410एचा 430 च्या आसपास असतो. मे महिन्यात परभणीच्या गच्चीवर तापलेल्या आउटडोरमध्ये तो याहून वर जातो. 150 वर साबणाचा फेस लावून 'पास' केलेला फ्लेअर तिथे टिकेल, याचा काय भरवसा?

मेसेजमधलं हे वाक्य मला सर्वांत खोटं वाटतं: गॅस गळाला तरी काही होत नाही. एका खोलीच्या स्प्लिट एसीत गॅस थोडा असतो, तिथे हे बऱ्याच अंशी खपून जातं. व्हीआरएफमध्ये एका आउटडोरवर दहा-बारा खोल्या चालतात आणि सगळ्यांचा गॅस एकाच लाइनमध्ये फिरतो. एका खोलीतला नट सुटला तर सगळ्या खोल्यांचा गॅस त्या एका खोलीत येऊ शकतो. आर-410एला जाणवण्यासारखा वास नाही, तो हवेपेक्षा जड आहे आणि ऑक्सिजनची जागा घेतो. अ‍ॅश्रेच्याच 34 क्रमांकाच्या मानकात माणसं असलेल्या जागेसाठी त्याची मर्यादा 1000 घनफुटांना 26 पौंड, म्हणजे 12 किलोच्या जरा आत आहे. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली बरोबर 1000 घनफूट भरते. लातूरच्या वसतिगृहांत नीटची तयारी करणारी लेकरं अशाच खोल्यांत खिडक्या बंद करून झोपतात, आणि मोठ्या सिस्टिममध्ये 15-16 किलो गॅस सहज असतो. हा गुणाकार पाइप टाकायच्या आधी करायचा असतो. जमत नसेल तर सिस्टिम दोन भागांत तोडायची, किंवा गळती ओळखणारा सेन्सर आणि बंद होणारा व्हॉल्व्ह लावायचा. आर-32 तर सौम्य ज्वलनशील गटात मोडतो, तिथे मर्यादा याहून बरीच कडक. आणि हे गॅस ज्वाळेत सापडले की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, ते विषारीच.

व्हॅक्यूमबद्दल थोडक्यात. गॅस सोडून हवा काढणं आर-22च्या काळात कसंबसं निभायचं. आताचं कॉम्प्रेसरचं पीओई तेल ओलावा ओढून घेतं, त्याचं आम्ल होतं आणि कॉम्प्रेसर जातो. पंप लावून 500 मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली आणा आणि पंप बंद केल्यावर आकडा टिकतो का बघा. ब्रेझिंगच्या वेळी आतून नायट्रोजन मंद सोडला नाही तर तांब्याला आत काळी खपली धरते. ती सुटली की गॅसचा प्रवाह आवरणाऱ्या बारीक एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते, आणि नेमकी कुठल्या खोलीत अडकली ते शोधत बसा.

दरवर्षी गॅस भरण्याबद्दल मात्र मेसेज बरोबर आहे. एसीत गॅस खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता गॅस भरणारा तुमचे पैसे घालवतोय. बिलात नायट्रोजन लावून प्रत्यक्षात सिलिंडर न आणणारेही आहेत, मी पाहिलेत. त्यासाठी टेस्ट बंद करायची नाही, टेस्टचा पुरावा मागायचा. प्रेशर लावल्यावर एक आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला एक, असे गेजचे दोन फोटो, सोबत तापमान, आणि व्हॅक्यूम गेजचा तिसरा फोटो. हे तिन्ही हातात येईपर्यंत छताचं फॉल्स सीलिंग बंद करू देऊ नका.