एक बादली पाणी टाका, सगळं संशोधन बुडवा

घर बांधायला काढलंय? स्लॅब कधी पडतोय? मग आधी बघा घरात कोणी काँक्रीटवर पीएचडी करत नाहीये ना. आमचा भाचा करतोय, म्हणून सांगतो, असली माणसं साईटवर येऊच देऊ नका. ह्यांचं म्हणणं एकच, काँक्रीट जास्त वर्षं टिकलं पाहिजे आणि सिमेंटपायी हवेत कार्बन कमी गेला पाहिजे. जगभरात जेवढा कार्बन डायऑक्साईड निघतो त्यातला साधारण ८ टक्के सिमेंटचा, बरोबरे, पण म्हणून आपण मुकादमाचं मन दुखवायचं का?

आता म्हणे एलसी-थ्री नावाचं सिमेंट आलंय. निम्मं क्लिंकर (चुनखडी भट्टीत भाजून होणारा सिमेंटचा मूळ माल), ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के कच्ची चुनखडी, बाकी जिप्सम. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या प्राध्यापक केरेन स्क्रिव्हनर, क्यूबातले संशोधक आणि आपल्या दिल्ली, मद्रास, मुंबईच्या आयआयटी, सगळे वर्षानुवर्षं ह्याच्या मागे. क्लिंकरला भट्टी १४५० डिग्रीपर्यंत तापवावी लागते, मातीचं काम ८०० च्या आसपास होतं, शिवाय चुनखडी भाजली की तिच्यातूनच जो गॅस सुटतो तोही वाचतो, म्हणजे सगळं धरून कार्बन ३० ते ४० टक्के कमी. वर खारट हवेतलं, सळई गंजवणारं क्लोराईडही ह्यात सहज शिरत नाही. २०२३ मध्ये ह्याचा आयएस कोड, म्हणजे भारतीय मानकसुद्धा निघालं. तुम्ही काय करायचं, पोतं फोडायचं, जरा तांबूस दिसलं की ओरडायचं, "ह्यात माती आहे!" आहेच की, पण दुकानदार वाद घालणार नाही, नेहमीचं देईल.

पण खरी मजा पाण्याची. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंटचा रेशो ०.५, कोकणासारख्या खारट हवेत तर त्याहून कमीच लागतं. एवढ्यात माल घट्ट होतो, फावड्याने ओढावा लागतो, व्हायब्रेटर नीट फिरवावा लागतो. कोण करणार? मुकादम म्हणतो, "साहेब, माल खेळता पाहिजे." तुम्ही मान डोलवा. एक दहा लिटरची बादली गेली की ०.७. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे केसाहून बारीक नळ्यांचं जाळं सोडून जातं, म्हणजे गंजाला सळईपर्यंत रस्ता तुम्हीच करून दिलात, तोही विना टेंडर.

सळई उचलून धरणाऱ्या कव्हर ब्लॉकवर पैसे घालवू नका, सळईखाली खडीचा तुकडा सरकवा, तोही माणसं वरून चालली की निसटतो. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, निम्मं झालं की गंज निम्म्या वेळात पोचेल असं तुम्हाला वाटेल, पण भाच्याच्या हिशोबाने जवळजवळ पाव वेळात पोचतो. बघा, केवढी प्रगती!

क्यूब, म्हणजे तपासणीचा काँक्रीटचा ठोकळा, मात्र मन लावून भरा. दर थराला पस्तीस वेळा ठोका, टाकीत २८ दिवस सुखात बुडवून ठेवा, मग लॅबला पाठवा. रिपोर्ट पास येतोच. त्याच मालाचा स्लॅब वर एप्रिलच्या उन्हात तडकतोय, पण त्याला कोण रिपोर्ट मागतंय? आळी करून पाणी भरायचं तर फ्लायअॅश (कोळशाची राख) घातलेल्या सिमेंटला कमीत कमी १० दिवस असं कोड म्हणतो, आपल्याकडे तिसऱ्या दिवशी टँकरवाल्याचा फोन लागत नाही, विषय संपला.

आणि कोणी फारच ज्ञान पाजळलं तर रोमन लोकांवर या. त्यांचं बांधकाम १९०० वर्षं उभंय, तेव्हा कुठे होत्या युनिव्हर्सिट्या? फक्त हे सांगू नका की त्या काँक्रीटमध्ये सळईच नव्हती, म्हणजे गंजणार काय. आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी २०२३ मध्ये दाखवलं की त्यातले चुन्याचे पांढरे खडे पाणी लागलं की विरघळून भेगा बुजवतात, तेही नको. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला तर काँक्रीटमध्ये बॅक्टेरिया घालतात, भेग पडून पाणी आत आलं की जागे होतात आणि चुनखडी तयार करतात. आपल्या स्लॅबमध्ये बिचाऱ्यांना झोपच मिळायची नाही.

पणजीचा मांडवी पूल १९८६ च्या जुलैत पडला, तेव्हा त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. आतल्या तारा गंजल्या होत्या. असलं काही स्लॅबच्या दिवशी काढू नका, वडापाव गार होतो.

आमच्या बाल्कनीचं बांधकाम अगदी ह्याच पद्धतीने झालं. बारा वर्षांत खालून पोपडे सुटले, सळई अशी फुगली की बोटाने तुकडे निघतात. भाचा गणपतीला आला होता, आरतीआधीच स्टूल घेऊन वर चढला, पडलेले तुकडे पिशवीत भरले आणि म्हणाला, "मामा, लॅबमध्ये एवढं गंजवायला आम्हाला सळईला करंट द्यावा लागतो." फार खूश होता. पिशवी गाडीत आधी ठेवली, मोदकांचा डबा मात्र विसरला.