‘फुगा फुटला’ म्हणे!

आज सकाळी जिमच्या ग्रुपवर एक बातमी आली. तिशीही न गाठलेला एक ट्रेनर, व्यायाम करता करता छातीत कळ आली आणि गेला. खाली पहिली प्रतिक्रिया काय? ‘फुगा फुटला.’ मग ‘सुई संपली वाटतं’, मग ‘हवा जास्त झाली’. आणि हसून डोळ्यांत पाणी आलेले ते पिवळे चेहरे, रांगेने. तो कशाने गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दंड मोठे होते ना, म्हणजे स्टेरॉइडच्या सुया टोचूनच फुगवलेले असणार, मग झालं.

ग्रुप सोडला. राग काही गेला नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझा मामेभाऊ ट्रेनर आहे. गिरणगावातल्या व्यायामशाळेत, मारुतीच्या तसबिरीसमोर जोर-बैठका मारत वाढलेला पोरगा. एसी जिममध्ये कामाला लागला तेव्हा मालक म्हणाला, “तुझ्याकडे बघून क्लायंट आला पाहिजे.” पगार तुटपुंजा, खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगची, आणि त्यासाठी कुणी सर्टिफिकेट विचारत नाही, शरीर बघतं. तिथल्याच एका सीनिअरने ‘स्टफ’ आणून दिला. म्हणजे स्टेरॉइड: टेस्ट (टेस्टोस्टेरॉन) आणि डेकाची इंजेक्शनं, वर डायनाच्या गोळ्या. सायकल सुरू, म्हणजे ठरावीक आठवडे हे घेत राहायचं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही औषधं विकायची नाहीत असा कायदा आहे. आहे ना, कागदावर आहे!

गंमत म्हणजे आमच्या नात्यातले लोक तेव्हा ‘पावडर खातो’ म्हणून नाकं मुरडायचे. अहो, ती व्हे प्रोटीनची, म्हणजे पनीर करताना उरते त्या निवळीची पावडर. ती बिचारी उगाच बदनाम. खरी भानगड सिरिंजमध्ये होती.

त्याच्या हळदीचा दिवस मी विसरणार नाही. नवरदेव पाटावर बसला तो ढगळ, काळा टी-शर्ट घालून. मावश्या, आत्या सगळ्या ‘काढ रे, काढ रे’ करून दमल्या. शेवटी तोंडाला, हातापायांना हळद लावली, टी-शर्टवरही थापली, पण त्याने तो काढला नाही. बायकांना वाटलं लाजतोय. मागे उभ्या मित्रांना माहीत होतं. या औषधांतला काही भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो आणि पुरुषाची छाती वाढते, जिमवाले त्याला ‘गायनो’ म्हणतात. “सुईवाल्या, आता आतून ब्रा घाल,” हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणणारे कोण? त्याच्याकडूनच फुकट डाएट चार्ट लिहून घेणारे.

बरं, मान्य. चोरून घेऊन ‘नॅचरल’च्या, म्हणजे स्टेरॉइड न घेणाऱ्यांच्या स्पर्धेत उतरणारा लबाडच. ‘मी फक्त अंडी आणि भातावर’ असं सांगून प्रोटीनचे डबे विकणाऱ्या रील्सवाल्यांना तर काय वाटेल ते बोला, मी मध्ये पडणार नाही. आणि हो, शरीरसौष्ठवपटू मनोहर ऐच 1952 साली मिस्टर युनिव्हर्स झाले आणि शंभरी ओलांडून 2016 मध्ये गेले, हेही ठाऊक आहे. ‘त्यांना कुठे सुया लागल्या?’ म्हणून दर वेळी तेच तोंडावर फेकता तुम्ही लोक. पण त्यांना कुणी दोन-तीन महिन्यांत सिक्स पॅक दाखव, नाहीतर नोकरी सोड, असं सांगितलं होतं का?

लग्नानंतर मूल होईना. मग काय, रीतीप्रमाणे सगळं वहिनीवर. तिची सोनोग्राफी, तिच्या नळ्यांची तपासणी, तिचे सोमवार, तिला मामीचे टोमणे. हा गप्प. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वृषणं आकसतात, वीर्यात शुक्राणू उरत नाहीत. त्याला थोडंफार माहीत होतं, बरं का. तरी रिपोर्टवर शून्य आल्यावर डॉक्टरांना काय सांगितलं याने? “मध्यंतरी टायफॉइड झाला होता.”

मी गच्चीवर नेऊन झाप झाप झापलं. तर म्हणाला, “ताई, खरं बोललो असतो तर तोपण हसला असता गं.”

एवढा दांडगा माणूस, आणि हसतील म्हणून डॉक्टरशी खोटं बोलतो. बायको तिकडे सुया टोचून घेतेय आणि हा ‘सुईवाला’ ऐकायला नको म्हणून तोंड शिवून बसलाय! त्याचाही राग आलाच, नाही कशाला म्हणू. पण तुमचा जास्त आला. कारण हिरोने सहा महिन्यांत शरीर बदललं की ‘काय मेहनत आहे, सलाम’ लिहिणारेही तुम्हीच. त्याला कधी फुगा म्हणालात? फुगा फक्त बाउन्सर, फुगा फक्त पंधरा-वीस हजारांवर राबणारा ट्रेनर. स्टफ विकणारा सीनिअर आणि शरीर दाखवून गिऱ्हाईक ओढणारा मालक यांच्यासाठी शब्दच नाही तुमच्याकडे.

शेवटी वहिनीनेच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर अजिबात हसले नाहीत. इंजेक्शनं बंद करवली, उपचार सुरू केले. बराच काळ गेला, दंड उतरले, काही महिने तो कुणाशी धड बोलत नव्हता, आम्ही सगळे धास्तावलो होतो. मग हळूहळू रिपोर्ट सुधारले.

मामीला अजून यातलं काही माहीत नाही. सगळं त्या प्रोटीनच्या डब्यामुळे झालं अशी तिची पक्की समजूत आहे, त्यामुळे नातवाच्या दुधात ती कुठलीच पावडर घालू देत नाही. कार्टं दूध बघितलं की पळतं.