'डिप्रेशन ते डिप्रेशन, गोळी एकच' म्हणे!

आमच्या देवगडकडच्या वाडीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आलाय, 'माझा स्वतःचा अनुभव, जरूर वाचा' म्हणून. कुणी बाई आहेत, बायपोलर, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी उलट अति उत्साह असा आजार, त्यातलं डिप्रेशन चालू होतं. डॉक्टरांनी दिलेलं लिथियम त्यांनी 'विष' म्हणून बंद केलं, मैत्रिणीची डिप्रेशनची गोळी सुरू केली आणि दहा दिवसांत म्हणे नवा जन्म झाला. खाली आपल्याला चार उपदेश. एरवी सोडून दिलं असतं, पण आईने तो वाचला आणि धाकट्या भावाच्या (तोही बायपोलर, लिथियमवर) गोळ्यांचा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, "रे, ह्या लिथियम बॅटरीत घालतत मा? मगे तेका कित्याक देतत?"

तर आता ऐका, मेसेजमधलं एकेक वाक्य घेतो.

"डिप्रेशन ते डिप्रेशन, गोळी सगळ्यांना एकच." सगळ्यात घातक वाक्य हेच. बायपोलरमधलं डिप्रेशन बाहेरून अगदी साध्या डिप्रेशनसारखंच दिसतं, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला मॅनिया, म्हणजे तो अति उत्साह, बसलेला असतो, आणि मूड स्टॅबिलायझर (मूड टोकाला जाऊ न देणारं औषध, लिथियम त्यातलंच) न देता नुसती अँटीडिप्रेसंट, म्हणजे डिप्रेशनची गोळी, दिली की काहीजण थेट त्या टोकाला जातात. बाई खोटं बोलतायत असं मी म्हणतच नाही. मेसेज नीट वाचा ना, त्यांनीच लिहिलंय, झोप तीन तासांत पूर्ण होते, रात्री उठून अख्खं घर आवरलं, डोक्यात धंद्याच्या कल्पना थांबत नाहीत. अहो, ही गोळी लागू पडल्याची नाही, मॅनिया सुरू होत असल्याची लक्षणं असू शकतात! अँटीडिप्रेसंटचा नीट परिणाम दिसायला साधारण काही आठवडे जातात, दहा दिवसांत नवा जन्म होत नसतो.

भावाचं असंच झालं होतं. निदान व्हायच्या आधी एका डॉक्टरांनी साधं डिप्रेशन समजून गोळी लिहून दिली. महिने न् महिने अंथरुणात पडलेला पोरगा एकदम उठला, रात्री दोन वाजता पडवीत दिवा लावून जाळी शिवायला बसला, सगळ्यांशी गोड बोलायला लागला, घरात आनंदीआनंद. मग काजूच्या हंगामाचे सगळे पैसे होडीच्या इंजिनाला ॲडव्हान्स देऊन मोकळा झाला, ते पण आमच्याकडे होडी नसताना. त्या आनंदाच्या आठवड्यात त्याला अनुभव लिहायला सांगितला असता तर त्यानेही हाच मेसेज लिहिला असता, कदाचित जास्त चांगला. म्हणून असा अनुभव कुणी सांगितला की आधी विचारायचं, सहा महिन्यांनी कसे आहात?

बरं, मूड स्टॅबिलायझरच्या जोडीला अँटीडिप्रेसंट दिली तर? हे अमेरिकेत तपासून झालंय, २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. बायपोलर डिप्रेशनचे ३६६ पेशंट, सगळे मूड स्टॅबिलायझरवर, निम्म्यांना वरून अँटीडिप्रेसंट, निम्म्यांना औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच खोटी गोळी. टिकाऊ सुधारणा अँटीडिप्रेसंटवाल्यांत २३.५ टक्के, खोट्या गोळीवाल्यांत २७.३ टक्के. म्हणजे जादूच्या गोळीने काडीचा जास्त फायदा नाही. मॅनियाही वाढला नाही हे खरं, पण सगळ्यांना मूड स्टॅबिलायझर चालू होतं, जे बाई बंद करायला सांगतायत. आता काहींना या जोडीचा फायदा होतो, डॉक्टर विचार करून देतातही, ते मी नाकारत नाही. पण ते डॉक्टरने ठरवायचं, मैत्रिणीच्या पर्समधून नाही.

"लिथियम म्हणजे बॅटरीतलं विष." मिठात सोडियम असतं, आणि नुसतं सोडियम पाण्यात टाकलं तर पेट घेतं, म्हणून आपण मिठागरं बंद करतो काय? औषधात असतो तो लिथियमचा क्षार, १९४९ पासून मॅनियावर वापरात आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत त्याचं नाव येतं. एकदम बंद केलं तर आजार उसळून परत येऊ शकतो, हे त्या मेसेजमध्ये कुठे आहे?

"किडनी आणि थायरॉइड खराब होतं." हं, हे अर्धं खरं, मानतो. दोन्हीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तर रक्त तपासत राहतात. लिथियमची पातळी तपासायची तर शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं.

"समुद्राची हवा खाणाऱ्याला असले आजार होत नाहीत." रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासून याच हवेत उभं आहे. पुढे.

आणि हे नेहमीचं, "डिप्रेशनच्या गोळीची सवय लागते." दारूसारखी तलफ येत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात.

बॅटरीचं आईला पटलं, पण खरी काळजी कशाची करायची ते मेसेजने सांगितलंच नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात घाम गाळून पाणी कमी प्यायलं, जुलाब-उलट्या झाल्या, किंवा कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाल्ली, तर लिथियम रक्तात साचतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं असं दिसलं की तडक दवाखाना. आणि मेडिकलवाल्याला आधी सांगायचं, पेशंट लिथियमवर आहे.