मेलेल्याच्या आवाजातून काढणं आणि त्यात घालणं

नमस्कार दादा,

2019 चं ते उघडं गाणं मला रास्त वाटतं, असं मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचे आक्षेप तीन. 2019 मध्ये निघालेलं, ब्रिटिश रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीचं 'टाइम वेट्स फॉर नो वन' म्हणजे मेलेल्या माणसाच्या आवाजावर केलेला धंदा. फ्रेडीने हयातीत, 1986 मध्ये, बाहेर येऊ दिलेलं त्याच गाण्याचं भरगच्च रूप, 'टाइम', तेवढंच त्याचं. आणि वरुडकडे संत्र्याच्या बागेत मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्याने असले निकाल देऊ नयेत.

तिसरं आधी उरकतो. आमच्याकडे शेतीची लाइन येते रात्री. मोटर सुरू करून बांधावर बसलं की कानात हेडफोन असतो. तिथल्याइतकं निवांत पुण्यात ऐकायला मिळत असेल तर कळवा.

धंदा म्हणाल, तर 1986 चं गाणंही विकायलाच काढलं होतं. ते फ्रेडीच्या क्वीन या बँडचं नव्हतंच; 'टाइम' नावाच्या संगीतनाटकासाठी ते नाटक करणाऱ्या डेव्ह क्लार्कने फ्रेडीकडून अ‍ॅबी रोड स्टुडिओत गाऊन घेतलं. तालमीत नुसत्या पियानोवर ऐकलेला फ्रेडी क्लार्कच्या डोक्यातून गेला नाही. शेवटी 96 ट्रॅक, म्हणजे आवाज-वाद्यांचे वेगवेगळे मुद्रित थर, बाजूला सारून त्याने फ्रेडीचा आवाज आणि मूळ गाण्यातल्याच माईक मोरनने नव्याने वाजवलेला पियानो एवढंच ठेवलं. म्हणजे थर चढवणारा अन् उतरवणारा माणूस एकच. उपऱ्याने येऊन हात मारला, असं हे प्रकरण नाही.

आता तुमचा खरा दमदार मुद्दा. फ्रेडीला आवाजावर आवाज चढवायची हौस होती. 1975 चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऐकलेला कोणीही हे नाकारणार नाही. त्याला विचारलं असतं तर त्याने हे उघडं गाणं बाहेर जाऊ दिलं असतं का? कदाचित नाही. पण त्याच प्रतिक्रियेत तुम्ही 'लिव्हिंग ऑन माय ओन'ला त्याचं एकट्याचं सगळ्यात भारी गाणं म्हणता, आणि दुवा देता 1993 च्या रिमिक्सचा! मूळ गाणं 1985 चं. फ्रेडी नोव्हेंबर 1991 मध्ये गेला. ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलेला तो ठेका त्याने कधी ऐकलाच नाही. तिथे त्याच्या आवाजाखाली दुसऱ्याची करामत घातली. इथे भोवतालचं काढलं, पियानो तेवढा मूळच्याच वादकाने पुन्हा वाजवला, आवाज त्याने गायला तसाच उरला.

तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर कोणी काढली तर आमच्या गावात कोणी हरकत घेत नाही. त्याखाली डीजेचा ठोका घाला, म्हातारी मंडळी लगेच विचारतील, "खंजिरी कुठी गेली बापा?" माझी रेघ तिथेच आहे.

स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रोच्या ध्वनिमुद्रणाचा दाखला मात्र मी देणार नाही, तो माझ्या बाजूने वाटला तरी. 1991 मध्ये फ्रेडी गात राहिला, बाकीचं मागून पुरं करा म्हणाला, आणि त्यातून क्वीनचा 1995 चा अल्बम 'मेड इन हेवन' झाला. ती मुभा बँडमधल्या सोबत्यांना होती. क्लार्कला ती लागू करणं ओढूनताणून होईल.

शिवाय 1986 चं गाणं कोणी पुसलेलं नाही, खुशाल ऐका. पण हयातीतलंच मानायचं ठरलं, तर तो नियम तुमच्या आवडत्या रिमिक्सलाही लावा. ते यादीतून कापलंत की कळवा, मग पुढचं भांडू.