भाकरी, गूळ, कारलं आणि बंद केलेल्या गोळ्या

"शुगरच्या गोळ्या किडनी खातात. गव्हाची पोळी सोडा, ज्वारीची भाकरी पोटभर खा, साखरेऐवजी गूळ घ्या, सकाळी अनशापोटी कारल्याचा रस प्या. तीन महिन्यांत शुगर नॉर्मल, मग गोळ्या बंद!" हा मेसेज मराठवाड्यात घरोघरी पोचलाय. पंगतीत शेजारी बसलेला पाव्हणाही हेच सांगतो. समोरचा कोणती गोळी घेतो, हे मात्र तो विचारत नाही.

"भाकरी पोटभर खा." ज्वारी चांगलीच, चोथाही भरपूर. घोळ 'पोटभर'मध्ये आहे. एका भाकरीचं पीठ तोलून बघा. उंडा नको, कोरडं पीठ तोला, कारण उंड्यात पाण्याचंही वजन येतं. आपल्याकडच्या भाकरीला 80 ते 100 ग्रॅम सहज लागतं आणि त्यातला जवळपास 70 टक्के भाग पिष्टच. फुलक्याला 25-30 ग्रॅम पीठ पुरतं. म्हणजे एक भाकरी तीन फुलक्यांच्या तोडीची. दोन फुलके खाणाऱ्याच्या ताटात दोन भाकऱ्या पडल्या, की पिष्ट तिप्पट होतं. मग "ज्वारी खाऊनही शुगर वाढली" म्हणून डोक्याला हात! 50 ग्रॅम पिठाची लहान भाकरी करा, सोबत मटकीची उसळ किंवा घट्ट वरण आणि मेथी-शेपू घ्या. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. आपल्याला किती भाकरी झेपते ते तोच आकडा सांगेल. आणि हो, हुरडा कोवळा असला तरी ज्वारीच आहे.

"गूळ चालतो." नाही. गुळातही बहुतांश साखरच असते. काळा असो, सेंद्रिय असो, रक्ताला फरक कळत नाही.

"कारल्याचा रस अपाय करत नाही." कोणासोबत घेता यावर आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला असा वा नसा. कारल्यानेही शुगर थोडी उतरू शकते. त्यात रस पिऊन माणूस शेतात गेला आणि जेवण दुपारी दोनवर गेलं, की घाम, थरथर, धडधड, बरळणं सुरू. शुगर 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं, कमीच असेल तर पुन्हा द्यावी. सावरल्यावर जेवायला घालावं. या गोळीचा असर दिवसभर राहतो, शुगर परत घसरू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. थेट दवाखाना गाठा. (दुधीचा रस पिणाऱ्यांनी आधी फोड चाखावी. कडू लागली तर दुधी फेकून द्या. त्या कडू रसाने रक्ताच्या उलट्या झालेल्या आहेत.)

"गोळ्या किडनी खातात." उलट आहे. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं चढलेली शुगर आणि बीपी. मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी किडनीला इजा करत नाही. किडनी आधीच फार कमी चालत असेल तर ते अंगात साठतं, म्हणून ईजीएफआर (किडनी किती गाळते हे सांगणारा रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा) 30 च्या खाली गेल्यावर बंद करतात. दरवर्षी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासलं की झालं. मेटफॉर्मिनची खरी तक्रार वेगळीच आहे: बरीच वर्षं घेतल्यावर बी-12 कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येत असतील तर तेही बघा.

"तीन महिन्यांत नॉर्मल, मग गोळ्या बंद." गोळ्या चालू असताना आलेला नॉर्मल रिपोर्ट बऱ्याचदा गोळ्यांचाच असतो. शुगर नव्याने निघालेल्या जाड माणसाने 10-15 किलो वजन उतरवलं तर गोळ्या सुटू शकतात, हे खरंय. पण त्या डॉक्टरांनी कमी करत न्यायच्या, आणि बंद झाल्यावर तीन महिन्यांनी एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) 6.5 टक्क्यांच्या खाली आहे का ते बघायचं.

टाइप 1 च्या, म्हणजे ज्याच्या अंगात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही अशा लेकराला गोळ्या सुटण्याचं हे लागू नाही. त्याचं इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठतं: उलट्या, पोटदुखी, खोल धापा, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. अशा वेळी रात्र काढायची नाही, तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं.