फाइल खराब नाही, वाटेत सुटलीय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्यांची आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लिंक्स या नुसता मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरने उतरवलेल्या .टार.जीझेड (टारने एकत्र बांधून जीझिपने दाबलेल्या) फाइलचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळत नाही, म्हणजे फाइल खराब; ती लिंक्सनेच बिघडवली आणि मी उगाच सर्व्हरवर खापर फोडतो; शिवाय फाइली उतरवणारं डब्ल्यूगेट असताना १९९२ सालचा ब्राउझर हवाच कशाला?

आधी चेकसम, कारण खरी गफलत तिथेच आहे. संकेतस्थळावर छापलेला आकडा दाबलेल्या फाइलचा असतो. ती उतरतानाच सुटली, म्हणजे जीझिपचा दाब निघाला, नाव .टार.जीझेड राहिलं आणि आत नुसतं टार उरलं, तर तो जुळणार कसा? आतला मजकूर मात्र शाबूत असतो. प्रकार ओळखणारी ‘फाइल’ कमांड चालवा. ‘टार आर्काइव्ह’ असं उत्तर आलं तर शेपटीचं .जीझेड काढा आणि ‘झेड’ (आधी जीझिप सोडवण्याचा) पर्याय न देता टार सोडवा. ती पुन्हा जीझिप करून आकडा जुळवण्याच्या फंदात पडू नका. जीझिप फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत फाइलचं नाव आणि वेळ जाऊन बसते, दाबण्याची पातळीही वेगळी असू शकते. आकडा पडताळायचाच असेल तर दाबलेली प्रत पुन्हा आणावी लागते, हे मान्य.

आता खापर. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये .जीझेडसाठी ‘ॲडएन्कोडिंग’ ही सेटिंग लावली की सर्व्हर फाइलसोबत ‘कंटेंट-एन्कोडिंग’ हे हेडर (माहितीची ओळ) पाठवून सांगतो, ‘हे टारच आहे, पाठवताना दाबलंय’. ‘ॲडटाइप’ लावलं की सांगतो, ‘ही जीझिप फाइल आहे’. फाइल तीच, विधानं दोन. पहिलं ऐकून लिंक्स ती सोडवतो. १९९९च्या आरएफसी २६१६मध्ये (वेबच्या एचटीटीपी नियमांच्या दस्तऐवजात) असा मजकूर दाखवण्याआधीच सोडवावा असा सूर आहे. त्यामुळे जतन करताना हात लावायला नको होता, इतपत तुमचा आक्षेप रास्त. पण साध्या एचटीएमएल पानालाही हेच हेडर लागतं, आणि ते पान न सोडवता जतन केलं तर वाचणाऱ्याला कचरा मिळतो. दोन्हींतला फरक ब्राउझरने नुसत्या हेडरवरून ओळखायचा कसा?

डब्ल्यूगेटचंही ऐका. त्याच्या १.१९.२ आवृत्तीत या हेडरची दखल घेण्याची सोय आली, आणि पुढच्याच १.१९.३मध्ये चुकीच्या सर्व्हरमुळे .जीझेड आणि .टीजीझेड फाइली सुटू नयेत म्हणून दुरुस्ती करावी लागली. म्हणजे खड्डा एकच, पडणारे वेगळे. (आणि लिंक्स का? एखाद्या जुन्या मशीनवर एसएसएचने (दुरून, टर्मिनलमधून) शिरल्यावर तेवढाच हाताशी असतो म्हणून.)

फाइल खरोखर बिघडते तेव्हा ती पहिल्या काही बाइट्सवरून बरीच ओळखू येते. ‘ओडी’ या कमांडला बाइट दशमान आकड्यांत दाखवायला सांगा. जीझिपची सुरुवात ३१, १३९, ८ अशी असते. ३१ आणि १३९च्या मध्ये १९४ घुसला असेल तर कुणीतरी बायनरीला लॅटिन-१ या अक्षरसंकेतातला मजकूर समजून यूटीएफ-८ या दुसऱ्या संकेतात बदललंय. हे उलटं फिरवता येतं. १३९च्या जागी २३९, १९१, १८९ दिसले तर आशा सोडा. मूळ बाइट पुसून तिथे ‘अज्ञात अक्षर’ बसवलंय, मूळ काय होतं ते कुणीच सांगू शकणार नाही.

सर्वांत फसवा प्रकार एफटीपीच्या (फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या) ॲस्की मोडचा. तो फाइलला मजकूर समजून ओळ संपल्याच्या खुणा, म्हणजे १० आणि १३ हे बाइट, बदलतो. त्यात सुरुवात बहुधा ठाकठीक दिसते, पण फाइल तपासणारा ‘जीझिप -टी’ सीआरसीची (आत साठवलेल्या पडताळणीच्या आकड्याची) तक्रार करतो. फाइल मूळ आकारापेक्षा थोडी मोठी असेल तर प्रत्येक १०च्या आधी १३ घातला गेलाय; ते जादा १३ काढायला जीझिपच्या संकेतस्थळावर ‘फिक्सजीझेड’ नावाचा छोटा प्रोग्रॅम होता. फाइल लहान झाली असेल, म्हणजे १३ गळाले असतील, तर ते कुठून गळाले हे कळत नाही आणि पुन्हा उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. पीएनजी या चित्रांच्या फाइलप्रकारवाल्यांनी हा उपद्रव ओळखून आपल्या आठ बाइट्सच्या सहीतच (सुरुवातीच्या ओळखखुणेतच) १३, १० ही जोडी आणि शेवटी एक सुटा १० ठेवला, म्हणजे बिघाड दारातच पकडला जातो. जीझिपच्या सहीत तशी सोय नाही.

तुमची फाइल यांपैकी कशात बसते हे चेकसमवरून ठरणार नाही. त्याच पत्त्यावर लिंक्स ‘-हेड -डम्प’ देऊन चालवा, म्हणजे नुसती हेडरं छापली जातील. ‘कंटेंट-एन्कोडिंग’ची ओळ आणि उतरलेल्या फाइलचे पहिले १६ बाइट इथेच खाली टाका, मग नेमकं सांगता येईल. ती फाइल तोवर डिलीट करू नका.